मेयलिंगची उन्हाळी

मंगळवार, १६ मार्च २००४

आरासेली,

तुझी मेयलिंग बादलीवर बसली आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून लिहिते आहे. पाहू नकोस म्हणते, आणि जाऊही नकोस म्हणते. म्हणून कागद घेतला. मी लिहीत असले की तिला वाटतं, मावशी कामात आहे, तिचं आपल्याकडे लक्ष नाही.

आता दोन थेंब पडले. रडली. आता गप्प आहे. पुन्हा प्रयत्न करते आहे.

घाबरू नकोस. उन्हाळी लागली आहे, एवढंच. मार्च चालू आहे, तोडणीआधी ऊस जाळताहेत, सकाळी झाडलेल्या अंगणात दुपारी पुन्हा राख. या दिवसांत इथे कुणाला उन्हाळी लागत नाही? आपल्या लहानपणी आई मक्याच्या कणसाचे केस उकळून ते पाणी द्यायची. तेच मी हिला देते आहे. तू येण्याची गरज नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुझ्याकडे कागदपत्रं नाहीत. एकदा सरहद्द ओलांडून इकडे आलीस की परत जाता येणार नाही, आणि तुझ्या बाईसाहेब तुझी वाट बघत बसणार नाहीत. येऊ नकोस.

लिसांद्रोकाका शुक्रवारी सकाळी तुझ्याकडे सान होसेला निघतील, त्यांच्याबरोबर हे पत्र देईन. तोवर थोडं थोडं लिहीन.

ड्रेस मिळाला. पिवळा रंग तिला आवडला. झावळ्यांच्या रविवारी चर्चला जाताना घालायचा म्हणून उशीखाली ठेवला आहे. उंचीला बरोबर आहे. अंगात जरा ढगळ होतो. मी दोन्ही बाजूंनी टाचून देईन.

तुझा मेहुणा एर्नान बरा आहे. म्हणजे तसाच आहे. दिवसभर दोन खांबांना बांधलेल्या झोळीत आडवा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची थट्टा करतो. काल शेजारची तोमासाआजी आली तर तिला म्हणाला, "आजी, माझा किडनीचा आकडा सहावर गेला. तुझ्या उरलेल्या दातांपेक्षा जास्त झाला."

"दात माझे मी चावायला वापरते, मेल्या," ती म्हणाली. "तुझ्या आकड्याचं तू काय करतोस?"

"भाव खातो."

दोघं हसली. मेयलिंगही हसली. हसताना पोट दाबून धरलं तिनं, पण हसली.

उठते. ती हाक मारते आहे.

मंगळवार, दुपार

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तिला खोकला झाला होता. खोकला नव्हता. हेच होतं.

राखेच्या बुधवारी सुरू झालं, तीन आठवडे होत आले. शाळेतून आली, कपाळावर फादरनी लावलेली राख तशीच होती. दप्तर टाकलं, मागच्या दारी गेली आणि किंचाळली. मला वाटलं, विंचू. धावले. चड्डी हातात धरून उभी होती. म्हणाली, "मावशी, आत जळतं."

मी तिला लगेच जवळ घेतलं नाही. मी दारातच उभी राहिले. मला बिस्मार्क दिसला. याच कुंपणापाशी, खांबाला कपाळ टेकून, दात आवळून उभा असायचा. तुला आठवत असेल, नवरा तुझा होता. त्याचंही असंच सुरू झालं होतं. एर्नानचंही. आपल्या बाबांचंही. आधी उन्हाळी. मग दवाखान्यात रक्त घेतात. मग किडनीचा आकडा सांगतात, आणि त्या दिवसापासून वस्तीत माणसाच्या नावाआधी त्याचा आकडा घेतला जातो. मग झोळी. मग बाकीचं.

पुरुषांचा आजार आहे असं म्हणतात. पण कोपऱ्यावरची पाव विकणारी बाई गेली ती कशानं? आणि हिचा तर बाप गेला.

त्या संध्याकाळी मी एर्नानला म्हटलं, "उद्या हिला दवाखान्यात नेते."

"कशाला?"

"रक्त बघतील."

तो झोळी पायानं हलवत राहिला. मग म्हणाला, "आणि आकडा कळल्यावर काय करशील?"

"कळेल तरी."

"माझा कळला तेव्हा तू काय केलंस? रडलीस. मी काय केलं? ही झोळी बांधली. आदल्या दिवशीपर्यंत मी ऊस तोडत होतो, नूबिया. दमायचो, पण तोडत होतो. त्यांनी आकडा सांगितला आणि मी आडवा झालो. पोरगी अजून दोरीवरच्या उड्या मारते आहे. मारू दे तिला."

मी नेलं नाही.

हे मी त्याच्यावर ढकलत नाही. तो बोलला नसता तरी मी नेलं नसतं. ते कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं होतं, एवढंच.

मग ती थोडी बरी झाली. खरंच झाली. चार दिवस रडली नाही, आणि मी तुला खोकल्याचं पत्र लिहिलं. नंतर पुन्हा सुरू झालं. या वेळी लघवी गढूळ होती आणि वास येत होता. मी बादली लगेच धुऊन टाकायचे, एर्नानला दिसू नये म्हणून. त्याला दिसत होतं.

बुधवार, सकाळ

अंगात ताप आहे. काल संध्याकाळीही होता. पाठ दुखते म्हणते. इथे, म्हणून कमरेच्या वर हात लावून दाखवते. बिस्मार्क दाखवायचा तिथेच.

तोमासाआजीनं पाल्याचं पाणी उकळून तिला वाफ दिली. वाफ देताना मला म्हणाली, "रडतेस काय? बापाचं रक्त आहे. रक्तात आलंय ते तू काय पुसून काढणार?" मेयलिंग चादरीखाली होती. चादरीला कान नसतात असं म्हाताऱ्यांना वाटतं.

आता दुसरी गोष्ट लिहायची आहे. कशी लिहावी ते कळत नाही. घडली तशीच लिहिते.

दाराबाहेर तेलाच्या डब्यात लिंबाचं रोप आहे. तू जाताना लावलेलं. अंगणात दुसरं काही हिरवं उरलेलं नाही. आंब्याची पानं राखेनं काळी झाली आहेत. लिंबाला मात्र नवी पालवी फुटली आहे, लुसलुशीत, भर मार्चमध्ये. मी रोज त्याच्या पुढून जाते. देवाची कृपा म्हणायचे आणि पुढे जायचे.

आज सकाळी तिला कणसाच्या केसांचं पाणी दिलं. "बाहेर गार हवेत पिते," म्हणाली. रोज असंच म्हणते. मीच शिकवलं आहे, अंग तापलेलं असताना पाणी प्यायचं नाही, आधी सावलीत बसायचं, घाम जिरू द्यायचा. आईनं आपल्याला शिकवलं तसं. ती शाळेतून आली की मी हातात पेला द्यायचे आणि ती तो घेऊन बाहेर जायची. रिकामा परत आणायची. शहाणी पोर, असं मला वाटायचं.

आज मी खिडकीतून पाहिलं. भिंतीला धरून चालत गेली. डब्यापाशी उकिडवी बसली आणि पेला ओतला. एकदम नाही. हळूहळू, बुंध्याभोवती गोल, मी दाखवलं होतं तसा.

मी बाहेर गेले. "काय करतेस ग?"

दचकली. मग म्हणाली, "झाडाला काही नाही होत, मावशी. झाडाला किडनी नसते."

"आणि तुला काय होतं पाण्यानं?"

"पप्पांना झालं ते."

"कुणी सांगितलं तुला?"

तिनं नाव घेतलं नाही. झोळीकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी एर्नानला पाण्याचा पेला तीच नेऊन देते. तो काय म्हणतो ते तुला माहीत आहे, तू इथे होतीस तेव्हाही म्हणायचा. "आणलंस माझं विष? आण, आण. उरलेला एर्नान आज संपवू." आणि हसतो. आणि अंगणात माणसं बसली की तोच विषय निघतो. कुणी म्हणतं ऊन, कुणी म्हणतं फवारणी, कुणी म्हणतं विहिरीचं पाणी. ठाऊक कुणालाच नाही. मोठी माणसं वाद घालतात, घसा सुकतो, आणि उठून तेच पाणी पितात. हिनं ऐकलं आणि प्यायचं सोडलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिला सांगता येईना. "नाताळची गाणी चालू होती तेव्हा," म्हणाली.

"तहान लागली की काय करतेस?"

"चिंच चोखते."

"शाळेत?"

"शाळेत पण नाही पीत. मग जावं लागत नाही. तिथल्या संडासाला कडी नाही. लागली तरी मी धरून ठेवते. घरी येईपर्यंत धरून ठेवते." मग म्हणाली, "मला खूप वेळ धरता येते, मावशी. वर्गात सगळ्यात जास्त."

एर्नान ऐकत होता. त्यानं झोळीतून पाय खाली सोडले. उठायला त्याला वेळ लागतो. आत जाऊन माठातून पेला भरून आणला, तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळा प्यायला. पेला उलटा करून दाखवला.

"बघ. झालं काही?"

ती म्हणाली, "तुला आधीच झालंय, काका."

गुरुवार, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात

आम्ही शहरात आहोत. मोठ्या हॉस्पिटलात. काल दुपारी तिला थंडी वाजून आली. दात वाजत होते, आणि बाहेर पत्र्यावर भाकरी भाजता येईल असं ऊन होतं. उलटी झाली. मग तिनं मला आई म्हणून हाक मारली. नेहमी मारत नाही.

एर्नाननं तिला हायवेपर्यंत उचलून नेलं. माझ्याकडे देईना. झोळीतून दारापर्यंत जाताना धापा टाकणारा माणूस. बस थांबली तेव्हा त्यानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला. बस वळेपर्यंत मला तो दिसत होता. उसाच्या दोन गाड्या गेल्या त्याच्यासमोरून, राख उडाली, तो बसलेलाच.

डॉक्टरीण तरुण आहे. तिनं मला बरंच विचारलं. शौचाला रोज होते का? लघवी धरून ठेवते का? धुताना, पुसताना हात मागून पुढे नेते की पुढून मागे? अंघोळीला कुठला साबण? कुणी तिला दुखवलं तर नाही ना, तसं काही? नाही म्हटलं. पाणी किती पिते?

मी म्हटलं, "डॉक्टर, हिचा बाप किडनीनं गेला. माझा नवरा त्याच वाटेवर आहे."

तिनं मान वर केली नाही. "मी मुलीचं विचारते आहे."

मग लघवी तपासून आली. म्हणाली, "हे ते नाही."

मी म्हटलं, "काय नाही?"

"तुमच्याकडे पुरुषांना होतं ते. हे जंतूंचं दुखणं आहे. मुलांना होतं, मुलींना जास्त. पाणी कमी पडलं, लघवी तुंबवून ठेवली, की जंतू तिथे वाढतात. मग जळजळतं. जळतं म्हणून मूल आणखी धरून ठेवतं. जगभरच्या मुलांना होतं."

"मग औषध?"

"असतं ना. गोड असतं, सरबतासारखं. आठवड्याभरात मुलं खेळायला लागतात."

आरासेली, मी हसले. खोटं नाही सांगत, मी त्या खोलीत उभी राहून हसले. तिला ते नाही. तिला जगभरच्या मुलांना होतं ते झालं आहे. आपल्या वस्तीत जगभरचं काही होऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं. मी डॉक्टरिणीचा हात धरला, तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ती अवघडली, पण तिनं हात तसाच ठेवला. विचारलं, "कधीपासून होतंय?"

"राखेच्या बुधवारपासून."

मग तिनं हात काढून घेतला.

"इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

काय सांगणार? आकडा लागू नये म्हणून तिला घरात लपवून ठेवलं होतं, असं सांगू? मी म्हटलं, "कणसाच्या केसांचं पाणी देत होते." ते तरी पोटात कुठे गेलं होतं?

जंतू वर चढले आहेत, किडनीत गेले आहेत, तिथून रक्तात. गोड औषधाचे दिवस संपले. आता शिरेतून देत आहेत. रक्त घेतलं आहे. किडनीचं काय झालं ते उद्या सकाळी कळेल म्हणाली. मी म्हटलं, "मला आकडा सांगू नका." ती म्हणाली, "सांगावा लागेल, बाई. दुसरं कोण आहे हिचं इथे?"

मघाशी मेयलिंग जागी झाली. नळी कुठून कुठे जाते ते पाहत राहिली.

"हे पाणी आहे का?"

"औषध आहे."

"मावशी."

"पाणी आहे," मी म्हटलं. "मीठ घातलेलं. आणि औषध."

ती थोडा वेळ थेंब बघत होती. "मग आता मला पण होणार," म्हणाली. रडली नाही. पिवळा ड्रेस बरोबर आणायचा हट्ट धरला होता, तो तिच्या पायाशी घडी करून ठेवला आहे.

मी तिला सांगितलं, असं काही होत नसतं. पाण्यानं काही होत नाही. डॉक्टर म्हणाली. तिनं ऐकून घेतलं, मोठी माणसं बोलतात तेव्हा ती ऐकून घेते तसं.

इथून तुझ्या बाईसाहेबांच्या घरी फोन केला. नर्सनं लावून दिला. बाई म्हणाल्या, "आरासेली नावाचं इथे कुणी नाही," आणि ठेवला. तुझे कागद नाहीत म्हणून तसं म्हणत असतील. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

मंगळवारी मी तुला लिहिलं, येऊ नकोस. तुझी नोकरी जाईल म्हणून लिहिलं असं तू समजली असशील. मीही तसंच समजत होते. पण तू आलीस तर दारातच विचारशील, हिला दवाखान्यात का नेलं नाहीस? आणि एर्नानसमोर मला त्याचं उत्तर द्यावं लागेल. म्हणून लिहिलं होतं.

ती झोपली आहे. ताप उतरलेला नाही. लघवीची वेगळी नळी लावल्यापासून पिशवीत फार थोडी आली आहे. मी दर वेळी वाकून बघते. नर्स म्हणते, बघून वाढत नाही ती.

शुक्रवार, सकाळ

आकडा आला. तो मी इथे लिहीत नाही.

डॉक्टर म्हणते, हा त्या आजाराचा आकडा नव्हे, मुलांचा खाली येऊ शकतो. मी मान हलवली. आपल्या वस्तीत कुणाचा खाली आलेला मी पाहिलेला नाही.

पिशवीत काल होतं तेवढंच आहे. तिला राजधानीच्या हॉस्पिटलात नेणार आहेत. गाडी बोलावली आहे. तिथे रक्त शुद्ध करणारं मशीन आहे. एर्नाननं लिसांद्रोकाकांना इकडे पाठवलं, ते दारात उभे आहेत. बस सुटेल म्हणतात.

मेयलिंगनं सकाळी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून म्हणाली, "मावशी, पाणी दे." पेला भरलेला होता, मी उचलला. नर्सनं माझा हात धरला. आता पाणी द्यायचं नाही, अंगात गेलेलं बाहेर पडत नाही म्हणून. कापूस भिजवून ओठांना लावायला सांगितलं आहे. मी लावला. तिनं तो चोखला आणि पुन्हा मागितलं.

पहिल्या पानावर येऊ नकोस असं लिहिलं आहे. ते खोडायला वेळ नाही. ये.

नूबिया